आटलेल्या जिवाचं गाणं ओवीत कसं बांधावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अकरा वर्षं आयसीयूत नर्स आहात. ड्युटी संपवून घरी आलात की रडू येत नाही, रागही येत नाही, टीव्ही लावून नुसत्या बसून राहता. यावर एक गाणं लिहायचंय, लोकगीताच्या वळणाचं, १२ मेच्या परिचारिका दिनाला बरोबरच्या मुलींसमोर म्हणण्यासाठी. पण लिहायला घेतलं की एकतर भाषण होतं, नाहीतर रडगाणं. नमुन्याला दोन ओळी दिल्यात: 'मी थकले, मी विझले, भावना माझ्या गोठल्या, सेवेच्या या यज्ञामध्ये समिधा होऊन जळल्या.'

यमक बसलंय, चालही लागेल. पण या ओळींत कुणी माणूसच नाही. तुम्ही नाही, पेशंट नाही, खाट नाही, रात्रपाळीचा चहासुद्धा नाही. आणि यज्ञ, समिधा, सेवा, त्याग, देवदूत हे शब्द तुमचे नाहीतच. ते व्यासपीठावरून तुमचा सत्कार करणाऱ्यांचे आहेत. ज्या शब्दांनी तुमचा थकवा झाकला जातो त्याच शब्दांत तुम्ही तो सांगायला निघाला आहात, म्हणून त्याचं भाषण होतं. पहिल्या मसुद्यात या पाच शब्दांना बंदी घाला. अर्धं काम तिथेच होईल.

माझ्याबद्दल थोडं. पंचवीस-सव्वीस वर्षं मी पथनाट्यांसाठी आणि बायकांच्या शिबिरांसाठी गाणी बांधते. ओवी मी पुस्तकातून शिकले नाही, आजीच्या मागे बसून शिकले. त्यामुळे माझं उत्तर ओवीकडे झुकणार. पोवाडा किंवा लावणी करणाऱ्याला विचाराल तर तो वेगळं सांगेल आणि त्याचंही चुकीचं नसेल. पण या विषयाला ओवीच का, याला कारण आहे.

ओवी ही मुळात कामाची सोबत. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' असं आपण म्हणतो ते गंमत म्हणून, पण ते शब्दशः खरं आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीसुद्धा ही गोष्ट परक्याच्या डोळ्यात भरण्याइतकी सवयीची होती. आपल्याकडे बहुतेक श्रमाला त्याचं त्याचं गाणं होतं: मोटेवरचं, कापणीची भलरी, होडी वल्हवतानाचं, बाळाला निजवतानाचं. यातली भलरी सगळ्यांनी मिळून म्हणायची, तिच्यात जोर असतो. ओवी पहाटेच्या अंधारात एकटीनं नाहीतर दोघींनी म्हणायची. जे घरात दिवसाढवळ्या बोलता येत नव्हतं ते बायका जात्याच्या घरघरीत बोलून घेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. लिहायच्या आधी एक आठवडा फक्त त्या ऐका. रोज दहा. शब्दांपेक्षा श्वास कुठे घेतात तिकडे कान द्या.

ऐकाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात येईल. कष्टाच्या एवढ्या ओव्या, पण 'मी थकले' असं सरळ म्हणून थांबलेली ओवी क्वचित भेटते. बाई जात्याशी बोलते, त्याला देव म्हणते, भाऊ म्हणते. आईला सांगते, शेजारणीला सांगते, विठ्ठलाला तर अगदी हक्कानं सुनावते. ओवीला नेहमी समोर कुणीतरी लागतं. थकवा त्या सांगण्याच्या आडून येतो.

तुमची खरी अडचण इथे आहे असं मला वाटतं. थकवा सांगायला तुमच्याकडे शब्द नाहीत असं नाही. सांगायला समोर कुणी उरलेलं नाही. घरी सांगितलं तर 'मग सोड नोकरी', वॉर्डात सांगितलं तर 'आम्ही काय कमी दमतो का'. लोकगीताची चाल उसनी घेता येते, ऐकणारी उसनी आणता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न शब्दांचा नको, हा ठरवा: हे गाणं कुणाला उद्देशून आहे? मैत्रिणीला, आईला, नव्यानं रुजू झालेल्या पोरीला, की एखाद्या वस्तूला? जातं ही वस्तूच होती. तुमच्याकडे सलाईनचा स्टँड आहे, घड्याळ आहे, ड्युटीचे बूट आहेत. मला विचाराल तर बूट. त्यांना सगळं माहीत असतं आणि ते सल्ला देत नाहीत.

आता थकवा म्हणजे नक्की कोणता, हे बघायला हवं, कारण जुन्या ओवीतला शीण आणि तुमचा थकवा एक नाही. आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत बघा. दमले म्हणजे झोप झाली की भागेल. शिणले यात अंगही आहे आणि मनही. अंग आंबलं, जीव मेटाकुटीला आला, कंटाळले, वैतागले, यांत अजून धग आहे. वैतागलेली बाई भांडते तरी. विटले म्हणजे नकोसं झालं. आणि या सगळ्यांपलीकडे एक शब्द आहे: आटले. विहीर आटते, गाय आटते. आटलेली गाय मेलेली नसते. दावणीला उभी असते, वैरण खाते, हाक मारली की मान वळवते. फक्त पान्हा फुटत नाही. तुम्ही टीव्हीसमोर बसता म्हणालात ते मला असं दिसलं.

ज्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात त्या शब्दात आग आहे, जळून जाणं आहे. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं तो शब्द शास्त्रात आणला, न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांना बघून. म्हणजे सुरुवातच तुमच्यासारख्यांपासून झाली. पुढे क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याचे तीन धागे सांगितले: आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल तुटकपणा येणं, आणि आपल्या हातून काही साधत नाही असं वाटत राहणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली तो आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आपल्या वर्गीकरणात नोंदवला. हे सगळं गाण्यात घालायचं नाही, कृपा करून. पण तीन धाग्यांतला मधला नीट बघा. पहिल्या धाग्यावर सगळेच गाणी लिहितात. तिसऱ्यावर कविता होतात. मधला कुणी कबूल करत नाही, कारण तो लाजिरवाणा आहे. आपल्याला माणसं माणसं वाटेनाशी झाली, हे कोण म्हणणार?

माझंच सांगते. एका हिवाळ्यात मी लागोपाठ शिबिरं घेत होते. रोज नवं गाव, तीच गाणी, तोच हसरा चेहरा. आर्ली हॉकशील्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली याला भावनिक श्रम म्हटलं, कामाचा भाग म्हणून भावना चेहऱ्यावर आणून दाखवणं. त्यांनी विमानातल्या सेविका अभ्यासल्या होत्या. मला तेव्हा हा शब्द माहीत नव्हता. एका गावात दारूच्या गाण्यावर समोरची एक बाई रडायला लागली, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच: हां, या कडव्याला दरवेळी एक तरी रडतेच. मग पुढचं कडवं घेतलं. रात्री अंथरुणावर ते आठवलं तरी काही वाटलं नाही. वाटलं नाही याची भीती वाटायला आणखी दोन महिने गेले.

त्यावर गाणं लिहायला मीही विझलेल्या दिव्यांपासूनच सुरुवात केली होती. सहा मसुदे फाडले. सातव्या वेळी सहज आठवलं, की त्या दिवसांत मी सभागृहात शिरताना बायकांकडे बघतच नव्हते, दाराबाहेरच्या चपला मोजत होते. चाळीस जोड म्हणजे चाळीस बायका, चला. गाणं चपलांचं झालं. त्यात 'थकले' हा शब्द एकदाही आला नाही, आणि ज्या कार्यकर्त्या मैत्रिणीला पहिल्यांदा म्हणून दाखवलं ती म्हणाली, 'पुरे, बंद कर.' ते मी चांगलं लक्षण मानलं.

तेव्हा तुम्ही चपला शोधा. तुमच्या कामात अशी कुठली गोष्ट आहे जी माणसाच्या जागी येऊन बसली? मला बाहेरून जी दिसते ती खाटेचा नंबर. आणि गंमत अशी, की ओवीत मोजायची रीत आधीपासूनच आहे. 'पहिली माझी ओवी गं' म्हणून पहिली ओवी एका देवाला, दुसरी दुसऱ्याला, अशा क्रमानं बायका गात जातात. तो साचा सगळ्यांचा आहे, कुणाच्या मालकीचा नाही. देवांच्या जागी खाटा ठेवून बघितल्या:

पहिली माझी ओवी गं, पहिल्या खाटेला
म्हातारीचे डोळे बाई, लेकाच्या वाटेला

दुसरी माझी ओवी गं, दुसऱ्या खाटेशी
नाव त्याचं पुसलं होतं, विसरले कशी

तिसरी माझी ओवी गं, तिसऱ्या खाटेची
नंबर तेवढा ध्यानी आहे, ओळख नाही त्याची

काय होतंय बघा. पहिल्या ओवीत माणूस पूर्ण आहे, तिला डोळे आहेत, लेक आहे. दुसरीत नाव गळालं, पण गळाल्याची टोचणी आहे. तिसरीत टोचणीही गेली, नुसती माहिती उरली. चाल तीच, साचा तोच, आतला माणूस मात्र ओवीगणिक कमी होत जातो. 'भावना माझ्या गोठल्या' हे वेगळं सांगायची गरज राहत नाही. या ओळी माझ्या आहेत, पाच मिनिटांत पाडलेल्या. वापरल्यात तरी चालेल, पण तुमच्या वॉर्डात यापेक्षा खरं काहीतरी नक्की असणार. मी तिथे कधी रात्र काढलेली नाही. एक सांभाळा: खऱ्या पेशंटचं नाव, आजार, ओळखू येईल अशी खूण गाण्यात नको. दोन-तीन माणसांचं मिळून एक करा.

बांधणीचं थोडं. अभ्यासक ओवीचे साडेतीन चरण सांगतात, तीन यमकाचे आणि चौथा आखूड. बायकांच्या तोंडी बहुतेक दोन ओळींचा जोड असतो, शेवटी यमक. माप सैल असतं. अक्षर कमी पडलं की 'गं', 'बाई', 'माझ्या सई' घालून भरतात, जास्त झालं की गिळतात. तरी पहिल्या मसुद्यासाठी ओळीच्या पहिल्या अर्ध्यात आठ आणि दुसऱ्या अर्ध्यात सहा अक्षरं धरा, वरच्या ओव्या साधारण त्यातच आहेत. एका ओवीत एकच गोष्ट. दोन सुचल्या तर दोन ओव्या करा. चौथ्या खाटेपाशी मी एक युक्ती केली असती: पहिली ओळ म्हणायची, 'चौथी माझी ओवी गं, चौथ्या खाटेला', आणि दुसरी ओळ म्हणायचीच नाही. तिच्या लांबीएवढी नुसती चाल गुणगुणायची. ऐकणाऱ्याचा कान यमकाची वाट बघत राहतो आणि यमक येत नाही. ही युक्ती गाण्यात एकदाच चालते. दुसऱ्यांदा केलीत तर कसरत वाटेल.

चालीबद्दल मी जरा हट्टी आहे. जात्यावरच्या बायका चालीला 'गळा' म्हणतात, आणि गळा चार-पाच सुरांतच फिरतो. वर जाऊन आळवणं नाही, ताना नाहीत. आटलेल्या जिवाला वरचा सूर लागतच नाही, तेव्हा लावू नका. नेहमीपेक्षा पट्टी खाली घ्या, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणा. करुण राग शोधू नका. गाणं रडलं की ऐकणारीला रडायला जागा उरत नाही. ढोलकी नको, तिचा ठेका पाय उचलायला लावतो. एकतारी चालेल, काहीच नसेल तर उत्तम, कारण ओवीला जात्याच्या घरघरीशिवाय वाद्य कधी नव्हतंच. मॉनिटरच्या टिकटिकीचं रेकॉर्डिंग मागे लावायचा मोह होईल. आवरा. त्यापेक्षा या खाटेवरून त्या खाटेपर्यंत जाताना तुमची जी चाल असते, पायांची म्हणतेय, ती चार रात्री ध्यान देऊन बघा. भरभर आहे की ओढत आहे? तो तुमचा ठेका. जातं ज्या वेगानं फिरायचं त्याच वेगानं ओवी चालायची. तुमचं जातं म्हणजे तुमचे पाय.

अजून एक. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की एक ओवी उचलते, दुसरी साथ देते. एकीचा श्वास संपतो तिथे दुसरी धरते. श्रम वाटले जातात ते फक्त खुंट्यावर नाही, गळ्यातही. तुम्ही एकट्या म्हणणार असाल तर ती साथीची जागा भरून काढू नका. प्रत्येक ओवीनंतर दुसरीला उचलायला लागेल एवढा वेळ गप्प राहा. पहिल्या वेळी कुणी उचलणार नाही. सभागृहात अवघडलेपण येईल, कुणीतरी खोकेल. राहू दे. ते गप्प राहणंसुद्धा गाण्यातच मोजा.

मीठ-मिरची न लावता हे सगळं स्वतःच्या तोंडून म्हणणं जड जात असेल तर दुसरा रस्ता भारुडाचा. भारुडात आपण सोंग घेऊन बोलतो. एकनाथांनी वासुदेव, जोशी यांच्याबरोबर आंधळा, मुका, बहिरा यांनाही बोलतं केलं. मुका बोलतोय, ही कल्पनाच तुमच्या विषयाला किती जवळची आहे! सोंगामागे लपून माणूस जास्त खरं बोलतो, आणि लोक हसतातही. पण भारुडाला अंगात थोडी मस्ती लागते. ती आत्ता तुमच्याकडे शिल्लक आहे का, हे तुम्हीच ठरवा. नसेल तर ओवी कमी मागते.

शेवट कसा करावा, असंही विचारलंत. 'आशेचा किरण' घालू का म्हणालात. माझा कल नाही म्हणण्याकडे. बायका दळण संपलं तरी 'संपलं' म्हणत नाहीत, अशुभ मानतात. उद्या परत बसायचंच असतं. तुमच्या वॉर्डातही उद्या खाटा तितक्याच असणार. खोटा उजेड त्या मुलींना लगेच कळेल, त्या रोज बघतात तो. मात्र नव्या, विशी-बाविशीच्या मुली समोर असतील तर त्यांना पूर्ण अंधारात सोडणंही मला बरं वाटत नाही. तेव्हा कोण ऐकणार आहे त्यावर हे अवलंबून. एक मधला मार्ग म्हणजे शेवटी पहिल्या खाटेकडे परत येणं: तीच म्हातारी, तेच डोळे, आणि या वेळी तिनं तुम्हाला काही विचारलं एवढंच. उत्तर देऊ नका.

एक गोष्ट गाण्याबाहेरची. मी डॉक्टर नाही, आणि तुम्ही दवाखान्यातच असता, तरी सांगते, कारण दवाखान्यातली माणसं स्वतःला शेवटी दाखवतात. काहीच वाटेनासं होणं कित्येक आठवडे चाललं असेल, सुट्टी घेऊनही फरक पडत नसेल, झोप किंवा जेवण उडालं असेल तर ते फक्त कामाचं नसेलही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. 'नसले तरी चालेल' असे विचार डोकावत असतील तर थांबूच नका, सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे, फोन करा. ओवी जात्याची सोबत करते, जातं हलकं करत नाही. वॉर्डात माणसं कमी आणि पाळ्या जास्त असतील तर त्याचा अर्ज वेगळा द्यायचा, गद्यात.

१२ मेच्या आधी हे गाणं एकीला ऐकवून बघा. व्यासपीठावर नव्हे, कपडे बदलायच्या खोलीत, रात्रपाळी संपल्यावर, दोघीही बूट काढत असताना. कागद हातात धरू नका. जी ओळ आठवणार नाही ती काढून टाकायची. ती काय म्हणते याकडे फारसं लक्ष देऊ नका, 'छान आहे' असंच म्हणेल. तिसऱ्या खाटेपाशी तिचा हात बुटाच्या नाडीवर थांबतो का, तेवढं बघा.